दीपिकेच्या बावीचं पाणी

जामसंडे, खालची वाडी
१९ जानेवारी २०२५

काशीक तुळसाचो आशीर्वाद.

तू बहिरी आणि मी आंधळी, म्हणान हे कागद. तुका फोन केलो तर "कोण? कोण?" म्हणान आराडतस आणि तुझ्या शेजारणीक माझी सगळी बातमी कळता. त्यापेक्षा कागद बरो. मी सांगतंय, संचिता लिवता. जसा सांगतंय तसाच लिव म्हटलंय तिका, मधी शाणपणा नको.

तर आता तिचीच गजाल. सून वायट नाय. अजय मुंबयक, ती हय माझ्याबरोबर रवता, कधी तोंड वाकडा करणा नाय. पण हातात काय चव म्हणान नाय गो! च्या करता तो खिळो चोखल्यासारखो लागता. दूध घाल, साखर घाल, आला घाल, खिळो तो खिळोच. भाताक तोच वास. परवा भाई इललो, म्हणता, "वैनी, लुगडा पिवळा पडला तुझा." साबण लावता की नुसती पाण्यातसून काढता कोण जाणा. मी बोललंय तर गप रवता. उलट बोलली असती तरी बरा वाटला असता, भांडणाची तरी सोबत.

तीन वर्सां झाली, माका उजव्या डोळ्यान धुक्यासारखा दिसता आणि डाव्यान तांय नाय. ऑपरेशन कर म्हणान परत लिवू नको. तुझ्या झिलाक, मितेशाक आशीर्वाद.

तुझी बहीण,
तुळसा

ता. क.
मावशी, सा. न. वरचं सगळं आईंनी सांगितलं तसं लिहिलं आहे, "खिळो" सुद्धा. आता हे माझं, त्यांच्या नकळत.

चहा माझ्या हातामुळे बिघडत नाही. डिसेंबरपासून विहिरीवरून आपल्या नळाला लाल पाणी येतंय. पहाटे पहिली बादली तर विटकरी असते. फडक्यातून गाळते, फडक्यावर गंज राहतो. आईंना दिसत नाही आणि मी सांगितलं नाही. मामंजींनी स्वतः चिरे फोडून बांधलेली ती विहीर. घरात आलेल्या प्रत्येकाला आई सांगतात, "आमच्या बावीचा पाणी म्हणजे शहाळा." त्यांना कोणत्या तोंडाने सांगू?

फक्त ह्यांना फोनवर सांगितलं, ते चुकलंच. ते म्हणाले, जिथे प्यायला पाणी नाही तिथे राहायचं कशाला? पाडव्याला येतो, घराला कुलूप लावतो, दोघी डोंबिवलीला चला. आईंना अजून ह्यातलं काही माहीत नाही. मला तर नवऱ्याजवळ राहायला मिळेल, लोक म्हणतील बरंच झालं. पण मावशी, माझ्या आईचं कुडाळचं घर भावाने असंच बंद केलं. पुण्याच्या फ्लॅटमध्ये ती रोज सकाळी उठून मागचं दार शोधायची. वर्षभरात गेली. आईंचं तसं व्हायला नको.

काका पाणीपुरवठ्यात फिटर होते. तुम्हाला त्यातलं कळतं असं आई सांगतात. काहीतरी सुचवा.
संचिता


सावंतवाडी
२७ जानेवारी २०२५

ताये,

कागद पावलो. सुनेच्या च्याक नावा ठेवतस? आपली आवस तुझ्या हातचो च्या गुरांक सुदीक घालीत नसली. इसारलंस? लग्नानंतर तुझ्या सासून पयल्या दिवशी तुझो भात खाल्ल्यान आणि म्हणाली, "भात आसा की चिरो?" तू आठ दिस रडत होतंस. मग आता दुसऱ्याच्या पोरीक कित्याक बोलतस?

आणि ऑपरेशन कर. लिवू नको म्हटलंस म्हणान लिवतंय. माझे कान गेले ते परत येवचे नाय, तुझे डोळे येतत. डोळे जातत तर जावदे म्हणतस, ह्यां काय शाणपण?

काशी

संचिता, ही चिठ्ठी वेगळी ठेवली आहे, वाचून दाखवू नको.

बाय माझी, घाबरू नको. तुझे काका तीस वर्षं लोकांच्या नळात डोकं घालून बसायचे, बघून बघून मला सगळं पाठ झालं. पहिलं म्हणजे ते पाणी दोघींनीही पिऊ नका. एका बाटलीत भरून आरोग्य उपकेंद्रात दे, ते तपासायला पाठवतील. तोवर हे कर. विहिरीतून कळशीने शेंदून एक ग्लास भर. पहाटे नळ सोडल्यासोडल्या दुसरा. अर्धा तास नळ वाहू देऊन तिसरा. तिन्ही झाकून रात्रभर ठेव. शेंदलेलं पाणी स्वच्छ आलं आणि सकाळी लाल झालं, तर जमिनीतच लोह आहे, त्याला फिल्टर लागेल. नळाचं फक्त पहिलं पाणी लाल असेल तर पाइप गंजला. टाकीही आत उतरून बघ. आणि मग मला सगळं सविस्तर कळव.

ताईला किती दिवस लपवशील? ती दिसायला कडक, आतून शहाळ्याची मलई. पण तुझं तू बघ.
मावशी


जामसंडे, खालची वाडी
२३ फेब्रुवारी २०२५

काशीक आशीर्वाद.

बघ! तू माका बोललंस, पण माझ्या बोलण्याचोच गुण इलो. च्या सुधारलो. भात मोकळो, वास नाय. मी म्हटलंय ना, टोचल्याशिवाय शिकणत नाय. तुझ्यासारख्या गोड बोलत बसलंय असतंय तर अजून खिळोच पियत असतंय.

पण आता दुसराच खूळ. सकाळी डोळो उघडता तवसर ही दीपिकेकडे. परत येता, परत जाता. दोन दोन, तीन तीन फेऱ्यो. दीपिकेचा घर म्हणजे पाखाडयेच्यो पायऱ्यो उतरान माडाखाली, जवळ काय नाय. इतक्यो गजाली खंयच्यो गो? माझ्यो चुगल्यो करतत दोघी, आणि काय! आणि गेल्या बुधवारी पाखाडयेर तिचो पाय घसरलो, घोटो सुजान भोपळो झालो. मी म्हटलंय, जा अजून गजाली मारूक. (हे लिहिताना मी थांबले तर त्या म्हणाल्या, "लिव, लिव, काशीक कळांदे.") तेल कडत करून मीच चोळलंय मागीर. माझ्या घरातली पोर ती, कोण चोळतलो?

अजून एक. संचिता म्हणता बावीत माणूस उतरवया, गाळ काढूया. मी साफ नाय म्हटलंय. बावीत राखणदार आसा. तेका पाय लावूचो नाय. तिका सांग तू पण, तुझा आयकता ती.

तुळसा

ता. क.
मावशी, दीपिकेकडे मी गजालींना जात नाही. तिच्या विहिरीचं पाणी आणते. प्यायला, चहाला, भाताला, आईंच्या लुगड्याला. चहा त्यामुळेच सुधारलाय. आईंना तो त्यांच्या बोलण्याचा गुण वाटतो, वाटू दे. पाय ठीक आहे, लंगडत जाते. दीपिका अर्ध्या वाटेपर्यंत कळशी आणून देते.

तुम्ही सांगितलेलं सगळं केलं. शेंदलेलं पाणी काचेसारखं स्वच्छ, सकाळीही तसंच. नळाचे दोन्ही ग्लास लालच. टाकी मी आत उतरून घासली, दोन दिवसांत परत लाल. पाइप तर प्लास्टिकचा आहे, हाताने ठोकून पाहिला. मोटरजवळचा नळ सोडला, तिथेही लाल. तपासणीचा कागद आला, त्यात लोह जास्त आहे, पिऊ नये असं लिहिलंय. वर स्वच्छ आणि नळाला लाल, हे कसं? म्हणून माणूस उतरवू म्हटलं तर आई एकदम भडकल्या. त्यांचा असा आवाज मी दोन वर्षांत ऐकला नव्हता.

ह्यांनी पाडव्याचं तिकीट काढलंय. ३० मार्च.
संचिता


सावंतवाडी
३ मार्च २०२५

ताये,

राखणदार? माझ्यासमोर सांगू नको. तुझ्या लग्नात करवली होतंय मी. त्या वर्सापासून तुझे घोव गणपतभावजी दर मे म्हयन्यात त्या बावीत उतरान गाळ काढीत, आणि वरसून तू गूळपाणी सोडीत होतंस. तवा खंय होतो तुझो राखणदार? काय आता नवीन रवाक इलो? देवाचा नाव तू कधी घेतस तां माका लहानपणापासून ठावक आसा. आवशीचो आरसो फोडललंस तवा पण "भुतान फोडल्यान" म्हटलेलंस.

मितेश कामाक देवगडाक येताहा. तेच्या हातात तुका एक गुंडाळी दितंय. ती तुझी तू वाच.
काशी

संचिता, तुझी चिठ्ठी.

मोटर पाणी ओढते तळातून, कळशी भरते वरून. वरचं स्वच्छ आणि तळचं लाल, म्हणजे पाइपच्या खालच्या टोकाशी, फुटव्हॉल्व्हपाशी, विहिरीच्या तळाला काहीतरी लोखंडाचं गंजत पडलंय. आणि ते काय आहे हे माझ्या बहिणीला ठाऊक आहे. नाहीतर ती अशी भडकली नसती.

आता मला शिव्या घाल. मी तुझा शब्द मोडतेय. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला काळ्या मार्करने हाताएवढी अक्षरं काढून तिला सगळं लिहिलंय. खिडकीत धरलं की वाचेल ती. तुझ्या पायाचं वाचलं आणि मला राहवलं नाही गं. माफ कर म्हाताऱ्या मावशीला.


(कॅलेंडरची पानं, पाच)

ताये, तुझ्या नळाक लाल पाणी येता. तीन म्हयने.

च्या तुझ्या बोलण्यान सुधारूक नाय. संचिता दीपिकेच्या बावीचा पाणी हाडता. कळशी घेवन. रोज. पाय सुजलो तो त्यामुळे.

तुका वायट वाटात म्हणान बोलली नाय.

अजय पाडव्याक कुलूप घेवन येताहा. तुमका दोघींक न्हेवक. संचिताक नको आसा. तुझ्यासाठी.

बावीत काय टाकलंस?


जामसंडे
१० मार्च २०२५

काशी

मीच लिवतंय. अक्षरार अक्षर चढला तर समजान घे. संचिता निजलीहा.

नांगर टाकलंय. ह्यांच्या होडयेचो. साखळेसकट.

हे गेले. मागसून होडी गेली. जाळी गेली. वल्ही भाईन न्हेली. पडवेत नांगर तेवढो रवललो. अजय फोनार म्हणालो, आई तो लोखंडाचो गोळो भंगारवाल्याक दी, पडवी मोकळी कर. माका उलट बोलाक जमला नाय. झील आसा, कमावता, तेका काय सांगू? हे म्हणायचे, नांगर घरात आसा तवसर घर खंय जाणा नाय.

मग दिवाळेक संचिता भाऊबीजेक गेलली तवा भाईक बोलावलंय. दोघांनी मिळान दोर बांधून बावीत सोडलंव. भाईक शपथ घातलंय. अजयाक सांगलंय, भंगारवालो घेवन गेलो.

घरात लपवूक जागा खंय होती? लोखंड पाण्यात गंजता ह्यां माका कळाक नको? खलाशाची बायल मी. पण त्या दिवशी माका एवढाच दिसत होता की तो दाराबाहेर जाता नये.

घर राखूक टाकलंय आणि तेच्यामुळेच घराक कुलूप पडताहा. आणि त्या पोरीक मी काय काय बोललंय गो. तिच्याच हातान लिवन घेतलंय.

तोंड कसा दाखवू?


सावंतवाडी
१५ मार्च २०२५

ताये,

ह्यां पण मार्करान मोठ्या अक्षरांनी लिवलंय, तुझा तूच वाच. कागद वाचान रडलंय. मितेशान इचारल्यान काय झाला, तर म्हटलंय कांदो. हातात कांदो नाय काय नाय.

माका सांगान काय उपेग? तिका सांग. ती तुका खावची नाय. आणि अजय नांगर विकतलो म्हणान भिया नको. तशी वेळ इली तर हय धाडून दी. मी पलंगाखाली ठेवतंय, माका तरी रात्री गंजाचो आवाज येवचो नाय.

पण सांग. मी तुझ्यावतीन सांगूचंय नाय.
काशी


जामसंडे, खालची वाडी
२ एप्रिल २०२५

ती. मावशीस सा. न.

हे पत्र फक्त माझं आहे. आई बाहेर ओट्यावर बसल्या आहेत, मी काय लिहितेय ते त्यांना माहीत आहे.

तुमची कॅलेंडरची पानं आली त्या दिवशी त्यांनी ती खिडकीत धरून एक एक वाचली. मला काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मी कळशी उचलली तर त्यांनी ती माझ्या कमरेवरून काढून घेतली. "बस गप." एवढंच. आणि कुंपण धरत, पायाने पाखाडीची एक एक पायरी चाचपत दीपिकेकडे गेल्या. अर्धी कळशी घेऊन आल्या. परत गेल्या. तीन आठवडे रोज. मी रडले, भांडले, दीपिकेने हात जोडले. ऐकलं नाही. मला वाटलं त्या माझ्यावर रागावल्या आहेत, लपवलं म्हणून. बोलत नव्हत्या ना.

पाडव्याला हे आले. गुढी उभारली, कडुनिंब वाटला. मग ह्यांनी बॅगेतून नवं कुलूप काढून ओट्यावर ठेवलं आणि घसा खाकरला. ते काही बोलायच्या आत आई म्हणाल्या, "कुलूप मागीर. आधी बावीत उतर."

भाईंना हाक मारली होती त्यांनी. भाई दोर घेऊनच आले, मान खाली घालून. हे उतरले. खालून ह्यांचा आवाज आला, "आई, हय साखळ आसा!" आई म्हणाल्या, "साखळेच्या टोकाक बघ." पाऊण तास ओढाओढ केली सगळ्यांनी, मी सुद्धा एका पायावर. नांगर वर आला. साखळीचे पापुद्रे सुटत होते, चिऱ्यांवर लाल ओघळ. हे काठावर आले, नांगराकडे बघतच राहिले. "ह्यो बाबांचो. भंगारवाल्याक दिललंस ना?"

"खोटा बोललंय. बावीत लपवललंय."

"आई, एक डाव सांगतीस, की माका तो होयो. मी कशाक इकतो?"

"सांगूक तू घरात खंय होतंस?"

मावशी, ह्यांच्या अंगावरून पाणी ठिबकत होतं. मला वाटलं आता भांडण होणार. पण हे नांगराशेजारी उकिडवे बसले आणि नारळाच्या सोडणाने त्याचा गंज घासायला लागले. घासता घासता रडत होते. मी ह्यांना रडताना पहिल्यांदाच बघितलं.

मग आई माझ्याकडे वळल्या. अंदाजाने माझा हात शोधला. म्हणाल्या, "मी तुका खूप वायट बोललंय, बाये. पाणी माझ्यामुळे बिघडला, पाय माझ्यामुळे सुजलो आणि बोलणी पण तूच खाल्लंस. माका माफ कर." सगळ्यांसमोर, मावशी. मी म्हटलं, आई, पायाला तेल तुम्हीच चोळलंत ना. मग दोघीही रडलो, दीपिका तिसरी.

तीन दिवस मोटर लावून विहीर उपसली, तळाचा गाळ काढला. टाकी परत धुतली. आज सकाळी नळाला पाणी आलं ते बघायला दीपिका सुद्धा आली होती. स्वच्छ. तरी नमुना परत तपासायला दिलाय, कागद येईपर्यंत प्यायचं दीपिकेकडचंच. कुलूप ह्यांनी परत बॅगेत टाकलं. मला विचारलं, "तुका मुंबयक येवचा नव्हता तर माका सरळ सांगूचा." मी म्हटलं, तुम्ही तरी सरळ कुठे विचारलंत? मे महिन्यात पंधरा दिवस मी तिकडे जाऊन राहणार आहे, त्या दिवसांत तुम्ही इथे या असं आई म्हणतात. नांगराला काळा रंग लावून तो पडवीत ठेवलाय. जाता येता आमच्या पायात येतो, पण कोणी तो हलवत नाही.

एक राहिलं. काल रात्री जेवताना आई आपण होऊन म्हणाल्या, "अजय, माझे डोळे करून घे. माझ्या घरात तीन म्हयने काय चललेला, माका दिसला नाय. असा परत होता नये." ह्यांनी लगेच रजा वाढवून घेतली. सोमवारी आम्ही त्यांना दवाखान्यात नेतोय.

तुम्ही माझा शब्द मोडलात म्हणून आठ दिवस तुमच्यावर राग होता. आता नाही.
तुमची,
संचिता


जामसंडे
१९ एप्रिल २०२५

काशी,

ह्यां मी माझ्या हातान लिवतंय. ओळी सरळ इल्यो काय बघ. एकच डोळो केलोहा, दुसरो पावसानंतर.

पट्टी सुटली ती दवाखान्यात. थंय भिंत दिसली, नर्स दिसली, अजयाचे पिकलेले केस दिसले. कधी पिकले ते? माका कोणी सांगूक पण नाय. घराक इलंय ती पयली नळाकडे. पाणी ओंजळीत धरून बघलंय. साफ. कागद पण इलो, पिवक बरा म्हणान.

मग संचिताक म्हटलंय, उजेडात ये गो.

दोन वर्सां ती माझ्या घरात आसा, पण लग्नात सुदीक माका नुसत्यो मुंडावळ्यो दिसल्यो. आता काशी, तुका एक खरा सांगतंय. मधी म्हयनाभर तिची पावलां भारी जड वाजत. पाखाडयेवरसून चढताना धप, धप. मी म्हटलंय, सासरचो भात मानवलो. सगळ्या वाडयेक सांगत होतंय, सून आमची अंगान भरली हां.

उजेडात बघलंय तर काडयेसारखी पोर. गळ्याची हाडां वर इललीत. कमरेर कळशेचो घट्टो पडलोहा, काळो. तां वजन तिचा नव्हता गो, पाण्याचा होता.

माका रडू इला. तर माकाच दटावता, "आई, डॉक्टरांनी रडू नका म्हणून सांगितलंय." बोलाक शिकली बघ.

आज बांगड्याचा तिकला केलंय. तिका पाटार बसवलंय आणि मी समोर बसलंय. नको नको म्हणता. तिसऱ्यांदा भात वाढलंय, आणि ती जेवता ती बघतंय.

तुळसा